पंखा बंद ठेवणाऱ्या आक्का

आक्कांच्या दुकानाचा जिना चढून वर गेलं की नमस्कार व्हायच्या आधी प्रश्न यायचा, "पावणं, सर्दी हाय का?"

नवं गिऱ्हाईक गोंधळून जायचं. हातात पोराचा बंद पडलेला गेम कन्सोल, आणि ही बाई सर्दीचं काय विचारते? "हाय थोडी," असं कुणी प्रामाणिकपणे सांगितलंच, तर त्याला जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या स्टुलावर बसावं लागायचं आणि तिथूनच काय ते बोलावं लागायचं. कारण आतल्या टेबलावर सोल्डरच्या, म्हणजे डाख द्यायच्या धातूच्या, गोळ्या मांडलेल्या असायच्या, खसखशीपेक्षा बारीक. आक्का त्यांना दाणे म्हणायच्या. एक शिंक आली की सकाळपासूनचं काम खोलीभर उधळायचं.

त्याच कारणानं पंखाही बंद. शिवाजी पेठेतली ती पत्र्याखालची माडी, मे महिन्याची दुपार, आणि डोक्यावर चांगला चालणारा पंखा नुसता लटकलेला. गिऱ्हाईक घामानं चिंब व्हायचं. कुणी बटणाकडे हात नेला की आक्का मान वर न करता ओरडायच्या, "हात खाली!" त्यांना ते कसं दिसायचं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बरीच वर्षं काम केलं. त्याआधी मी मोबाईलच्या शोरूममध्ये काउंटरवर उभी असायचे. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, पण काम हसून फोन दाखवण्याचं. भावाचा कन्सोल दुरुस्तीला घेऊन आक्कांकडे गेले आणि टेबलासमोरून हलेचना. त्यांनी बराच वेळ मला उभं राहू दिलं. मग एक मेलेला सर्किट बोर्ड माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "ह्याच्यावरचं सगळं काढ. मग जिथलं तिथं परत बसव. जमलं तर उद्या ये, न्हाय जमलं तर परवा ये." म्हणजे यायचं तर होतंच. मी काउंटर सोडला.

आक्का मूळच्या कोडोलीच्या. वडील एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. घरात बुद्धाची पितळी मूर्ती आणि तिच्याशेजारी वडिलांचा टेस्टर, असं त्या सांगायच्या. आयटीआयला रेडिओ-टीव्हीच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी. मग एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बोर्डांना सोल्डर मारण्यात तारुण्य गेलं. तो कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायकांनी शिवणयंत्रं घेतली, आक्कांनी सोल्डर वितळवणारं हॉट एअर मशीन घेतलं. साडीवर पुरुषी फुल शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि मनगटाला अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा. तो पट्टा काढायला विसरून त्या खाली चहाला जायच्या, आणि वायर मागून रस्त्यावर लोळत यायची.

कोल्हापुरातल्या पुष्कळ बायकांसारखं त्या "मी आलो, मी गेलतो" असंच बोलायच्या. आवाज असा की खालच्या शिंप्याला त्यांचे फोन तोंडपाठ असायचे. एकदा एका गृहस्थांनी बोलता बोलता, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, तुमचं आडनाव काय म्हणालात?"

"शॉर्ट काढणाऱ्याला आडनाव नसतंय," आक्का म्हणाल्या. "बोर्ड ठेवताय का परत न्हेताय?"

गृहस्थांनी बोर्ड ठेवला. पुढे ते दर दोन-चार महिन्यांनी कुणा ना कुणाचं काहीतरी घेऊन यायचे. आडनाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सर्दीनंतर दुसरा प्रश्न ठरलेला असायचा. "काय झालंय ते खरं सांगा." स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन त्या थांबायच्या. उत्तर आल्याशिवाय पहिला स्क्रू फिरायचा नाही. आणि उत्तर बहुतेक वेळा एकच असायचं, "काही नाही हो, आपोआप बंद पडलं."

एकदा एका सुटाबुटातल्या माणसानं असंच सांगितलं. आक्कांनी झाकण उघडलं. आत कुठल्याशा गोड पेयाचा चिकट थर, त्यात अडकलेल्या मुंग्या आणि एक झुरळ. आक्कांनी चिमट्यानं झुरळ उचलून त्याच्यापुढे धरलं. "ह्यो काय आपोआप आत गेला व्हय?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोर्ड खोटं बोलत न्हाय बघ. आपण इचारायचं त्यालाच, पण माणसाला एक चान्स द्यायचा."

खरं सांगणाऱ्याला मात्र त्या काही बोलायच्या नाहीत. एका आजोबांनी सांगितलं, नातू अभ्यास करत नव्हता म्हणून रागानं भिंतीवर आपटलं. आक्कांनी त्यांना चहा पाजला.

शॉर्ट शोधायची त्यांची एक खास पद्धत होती. बोर्डावर कुठेतरी वीज जाऊ नये तिथून सरळ जमिनीत जात असते; शेकडो बारक्या भागांपैकी चोर एकच. तो शोधायला हल्ली उष्णता दाखवणारे कॅमेरे मिळतात. आमच्याकडेही होता. आक्का तो गिऱ्हाइकाला दाखवायला वापरायच्या. स्वतः मात्र त्या मीटर लावून आधी कुठल्या भागात गडबड आहे ते ठरवायच्या, तिथं अगदी हलका दाब देऊन वीज सोडायच्या, आणि चष्म्याच्या काचेवर फुंकतात तशी बोर्डावर वाफ सोडायच्या. बोर्ड धुरकट व्हायचा. मग बघत राहायचं. जिथली वाफ आधी उडाली, तिथं चोर गरम बसलेला. "गावला," असं म्हणून चिमटा टेकवायच्या. मी त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्यानं ताडून बघायचे. चिमटा बरोबर जागी असायचा. पहिल्या काही दिवसांत मला वाटायचं योगायोग असेल. मग ताडून बघणंच सोडलं.

चित्र काढणारी मोठी चिप हा मात्र वेगळा प्रकार. तिच्या पोटाखाली दाण्यांच्या रांगाच रांगा असतात, आणि वर्षानुवर्षं तापून-निवून त्यातले काही तडकतात. मग चिप उचलायची, जुनं सगळं पुसून काढायचं, चिपवर ठेवलेल्या जाळीच्या एकेका भोकात एकेक नवा दाणा बसवायचा, ते वितळवून चिपला चिकटवायचे आणि चिप परत जागेवर वितळवून बसवायची. याला रिबॉलिंग म्हणतात. दिवस मोडतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसती वरून हीट मारतात. तडकलेलं तेवढ्यापुरतं चिकटतं, काही दिवस चालतं, आणि पुन्हा मरतं. आमच्याकडेही लोक यायचे, "आक्का, नुसती हीट मारून द्या की."

"भाजून द्यायला ही काय वांगी हायत?" आक्का म्हणायच्या, आणि बोर्ड पिशवीत घालून परत द्यायच्या.

दुरुस्त झालेला कन्सोल तास दोन तास चालवून बघावा लागतो, तापतो का ते कळायला. हे काम आक्कांचं. आणि त्यांचं खेळणं बघायला खालचा शिंपी काम सोडून वर यायचा. ज्या खेळात गाड्या चोरायच्या आणि पोलिसांना चुकवत सुसाट पळायचं, त्या खेळात आक्का लाल सिग्नलला थांबायच्या. मागून गाड्या येऊन आदळायच्या. आक्का थांबलेल्याच. कुणी रस्ता ओलांडत असेल तर त्याला जाऊ द्यायच्या. मग समुद्राकाठी गाडी लावून तो खेळातला गुंड उतरायचा आणि वाळूवर सावकाश चालत राहायचा. "चांगलं केलंय की ह्यांनी पाणी," आक्का म्हणायच्या. "एवढं चांगलं पाणी केलंय, आन् ही पोरं बघतच न्हाईत."

आता बिद्रीकडच्या एका मुलीचं सांगते.

ती वडिलांबरोबर आली होती. बारावी होऊन गेलेली, बारीक अंगाची, कन्सोल ओढणीत गुंडाळून छातीशी धरलेला. वडील साखर कारखान्यात फिटर. सर्दी कुणालाच नव्हती. पोरीनं सांगितलं ते असं. पुण्यातल्या मामानं वापरून झालेला कन्सोल तिला दिला होता. त्यात खेळ बनवायचा एक खेळ असतो. तिच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, म्हणून त्यातच तिनं दोन वर्षं खपून स्वतःचा एक खेळ बनवला होता. डिझाइनच्या कॉलेजात प्रवेशाची मुलाखत होती, आणि तिथं तो खेळ चालवून दाखवायचा होता. मुलाखत पुढच्याच आठवड्यात. आणि यंत्र बंद.

"दुसरीकडं कुठं कॉपी न्हाय ठेवलीस?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. तिच्या घरी नेट एवढं चालायचंच नाही.

आधी ते एका दुकानात जाऊन आले होते. तिथं त्यांनी हीट मारून बघितली, उपयोग झाला नाही, मग म्हणाले बोर्डच बदला. पण या यंत्रात साठवलेलं सगळं त्याच बोर्डाला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की आतलं काहीच उघडत नाही. यंत्र चालू होईल, खेळ जाईल.

"काय झालंय, खरं सांगा," आक्कांनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "मी कॉलेजातनं दाखला घिऊन आलो, तर चालूच होईना."

वडील म्हणाले, "आपोआपच बंद पडलं."

आक्कांनी झाकण उघडलं. आतमध्ये धुळीचा कण नव्हता. भिंग डोळ्याला लावून त्यांनी बोर्डाचा एक कोपरा पाहिला, मग पंख्याजवळचा भाग पाहिला. मलाही दिसलं. पाणी पडून वाळल्याचा तपकिरी डाग, आणि त्यावर तेलाचा बारीक थर. आक्कांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी मुलीला खाली चहा सांगायला पाठवलं. तिची पावलं जिन्यावरून उतरल्यावर वडिलांना म्हणाल्या, "पावणं, कंप्रेसर मारलासा न्हवं?"

माणूस खाली बसला. लय आवाज करत होतं, धूळ बसली असंल म्हणून गावातल्या पंक्चरवाल्याकडं नेलं आणि हवा मारली, म्हणाला. पोरीला मुलाखतीआधी स्वच्छ करून द्यावं, एवढंच मनात होतं. "मी फिटर हाय हो. कंप्रेसरच्या टाकीत पाणी धरतंय, हे मला म्हाईत न्हाय व्हय? रोज कारखान्यात दुसऱ्यांना सांगतो. आन् घरात…" त्यानं जिन्याकडे पाहिलं. "तिला सांगू नका, आक्का."

"मी सांगणार न्हाय," आक्का म्हणाल्या. "पण तिनं मला इचारलं तर खोटंबी बोलणार न्हाय. बघा तुमचं तुम्ही."

मुलगी वर आली. तिनं आक्कांना काही विचारलं नाही.

शॉर्ट सापडायला वेळ लागला नाही. आक्कांनी वाफ सोडली, डागाजवळच्या एका बारक्या कपॅसिटरवरची आधी उडाली, "गावला." तो काढला, त्याच्या जागी दुसरा बसवला. यंत्राचा दिवा लागला, पंखा फिरला. मुलगी टाळ्या वाजवायच्या बेतात होती. पण टीव्हीवर चित्र आलं नाही. काळा पडदा तसाच. आधीच्या दुकानातल्या हीटनं चिपखालचे दाणे तडकले होते. आता रिबॉलिंग करायलाच हवं होतं, आणि ते एकदाच. चिपनं एक मार खाल्ला होता, उचलताना दुसरा खाणार होती, दाणे चिकटवताना तिसरा, बसवताना चौथा. त्यापलीकडं ती टिकेल याची खात्री आक्कांनाही नव्हती. तसं त्यांनी दोघांना तोंडावर सांगितलं. वडिलांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "करा."

आक्कांनी रविवार ठरवला. रविवारी गल्लीत गर्दी नसते. फक्त त्या रविवारी फुटबॉलची फायनल होती. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, आणि आमच्या खालच्याच तालमीचा संघ त्यात होता. मी आठवण केली, तर आक्का म्हणाल्या, "आपली पोरं काय फायनल जिंकत न्हाईत. हरून गपगुमान घरला येत्यात. हितं शांतताच असणार."

सकाळपासून काम चाललं. चिप उचलली गेली, पुसली गेली. दाणे भरताना आक्कांचा श्वास ऐकू यायचा नाही. मुलगी आणि तिचे वडील बाहेर स्टुलावर आणि पायरीवर, डबा उघडून तसाच मांडीवर. ऊन उतरायला लागलं तेव्हा चिप बोर्डावर ठेवून खालून-वरून उष्णता सुरू झाली. आता थांबता येत नाही. दाणे वितळेपर्यंत तापवायचं, आणि वितळले की एक क्षण असा येतो, की चिप स्वतःहून किंचित हलते आणि आपल्या जागी बसते. त्या क्षणी टेबल हललं तर दाणे एकमेकांत मिसळतात. मग सगळं संपलं.

आणि गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली.

आमची पोरं जिंकली होती.

हलगीच्या मागून घुमकं, कैताळाच्या झांजा, शिट्ट्या, मोटरसायकली. आवाज एकेका घरावरून पुढे सरकत आमच्याकडे येत होता. माडीची जमीन लाकडी. पायाखाली ती थरथरायला लागली. मी आक्कांकडे पाहिलं. उष्णता कमी केली तर चिपला पाचवा मार. तशीच ठेवली तर मिरवणूक नेमकी वितळायच्या वेळी खिडकीखाली.

आक्का म्हणाल्या, "तू बघ हिकडं."

आणि उठल्या. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. तापलेल्या बोर्डावरून नजर काढून त्यांनी तो माझ्या हवाली केला आणि तोल सावरत हळूच खिडकीकडे गेल्या. जाताना मनगटाचा पट्टा मात्र आठवणीनं काढून ठेवला, वायरीला झटका बसू नये म्हणून. मग खिडकीचं दार उघडून त्यांनी जो आवाज लावला, तो मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकलेला नाही.

"थांबवा रं! वाजवायचं थांबवा!"

पुढच्या हलगीवाल्यानं हात आवरला. मागचे वाजवतच होते. संघाचा कॅप्टन, गुलालानं डोळेसुद्धा न दिसणारा, कुणाच्या तरी खांद्यावर बसला होता. त्यानं वर पाहिलं. "आक्का, काय झालं? कोण गेलं काय?"

"कोण गेल्यालं न्हाय! पण आणि एक टिपरू हाणलासा तर एका पोरीचं सगळं जाईल. हाय तिथं उभं ऱ्हावा. गाड्या बंद करा. मी सांगतो तवा वाजवा!"

मी बोर्डावरून मान हलवू शकत नव्हते, म्हणून पुढचं सगळं मी फक्त ऐकलं. कॅप्टन मागे ओरडला. मग मागचा आणखी मागे. एकेक मोटरसायकल बंद पडत गेली. घुमकं थांबलं, कैताळ थांबलं. वर्षानुवर्षं हरून पहिल्यांदा जिंकलेली तालीम, सगळी पेठ रस्त्यावर, आणि एकदम शांतता. एक लहान मूल कुठेतरी रडलं, त्याला कुणीतरी गप्प केलं.

चिपच्या कडेनं चमक फिरली. मग ती हलली, अगदी थोडी, आणि बसली.

"आक्का," मी म्हणाले, "बसली."

आक्का आल्या, भिंगातून चारही बाजू बघितल्या, उष्णता बंद केली. बोर्ड थोडा निवून दाणे घट्ट होईपर्यंत त्यांनी तसंच थांबवून ठेवलं सगळ्यांना. मग खिडकीत जाऊन म्हणाल्या, "व्हय, आता फोडा पत्रे!"

त्यानंतर जे वाजलं, त्यानं आमचं कपाट हललं.

बोर्ड पुरता निवायला वेळ जाऊ दिला. तोवर मिरवणूक फिरून परत आली होती आणि कॅप्टन चार-पाच जणांना घेऊन जिना चढत होता. "आक्का, वाचलं काय ते?"

"गुलाल घिऊन आत येऊ नगंस! दारातच ऱ्हावा." तो तांबडा घोळका दारात एकावर एक माना काढून उभा राहिला. मुलगी टीव्हीसमोर, वडील तिच्या मागे. आक्कांनी मला बटण दाबायला सांगितलं.

दिवा लागला. पंखा फिरला. काळा पडदा थोडा वेळ काळाच राहिला, आणि मग निळा झाला.

दारातून जी आरोळी उठली, ती गोल झाल्यावरची होती.

मुलीनं तिचा खेळ उघडला. साखर कारखान्याचं आवार. उसाच्या बैलगाड्यांची रांग, वजनकाटा, मोळ्या उचलणारी क्रेन, चिमणीतून धूर. एक लहान मुलगी हातात जेवणाचा डबा घेऊन निघते. बैलांच्या मधून वाट काढायची, ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या कडेनं जायचं, भोंगा व्हायच्या आत पोचायचं. शेवटी एका मोठ्या यंत्राखालून खाकी कपड्यातला, हातात पाना घेतलेला माणूस बाहेर येतो आणि म्हणतो, "आलीस व्हय?"

वडिलांनी तो खेळ तोवर पाहिलाच नव्हता. तिनं दाखवला नव्हता; प्रवेश मिळाल्यावर दाखवायचा होता. ते पडद्यावरच्या त्या खाकी माणसाकडे बघत राहिले. मग सगळ्यांसमोर, दारातल्या पोरांसमोरसुद्धा, म्हणाले, "पोरी, ह्ये मीच बिघडवलतं. कंप्रेसर मारला मी."

"म्हाईत हाय, पप्पा."

"कसं?"

"एवढी धूळ होती आत. ती काय आपोआप जाईल व्हय?"

"मग बोलली न्हाईस का?"

"तुम्ही सांगायची वाट बघत होतो."

आक्का स्क्रू ड्रायव्हर पुसत म्हणाल्या, "झालं न्हवं आता? सरका, मला खेळू द्या." आणि कंट्रोलर घेऊन त्या डबेवाल्या मुलीला त्यांनी सगळ्या आवारातून सावकाश फिरवलं. प्रत्येक बैलापाशी थांबल्या. भोंगा होऊन गेला, तरी त्या क्रेन बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चांगलं केलंस. क्रेनचा हुक उलटा लावलायस तेवढा नीट कर. बापाला इचार." बापानं लगेच जवळ बसून हुक कसा असतो ते सांगायला सुरुवात केली. मुलीला प्रवेश मिळाला. हुक नीट करूनच ती गेली होती.

माझ्या कामाचा अभिमान मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटला. पण आक्का त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. बोर्ड माझ्या हवाली करून गेल्या होत्या, हे जणू रोजचंच होतं. मला वाटायचं, त्यांना तेवढंच एक काम येत नाही, कौतुकाचं.

मग पुढे काही वर्षांनी एक दिवस असा आला, की पेठेतल्याच एका गेम पार्लरवाल्यानं दोन सारखे कन्सोल आणले, दोन्हींना तोच रोग, चिपखालचे दाणे तडकलेले. एक आक्कांनी घेतला, एक मी. दोघींच्या चिप दाणे भरून, वितळवून तयार झाल्या. बसवायच्या आधी आक्कांनी दोन्ही मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "ही बघ," म्हणाल्या. "ह्या रांगा बघ. दाणे कसे सारखे बसलेत, पोलीस परेडला उभं ऱ्हायल्यागत. आन् ही दुसरी बघ. इथं दोन दाणे एकमेकाला टेकायला आलेत. हितला चपटा झालाय. ही वाकडी कुणाची?"

चिपच्या कडेला आम्ही खुणा करायचो. त्यांना वाचता येत होत्या. त्यांनी चिप उलटी केली, खूण बघितली आणि उठल्या.

मला वाटलं, त्या रागावल्या किंवा दुखावल्या. त्या सरळ जिन्याच्या तोंडाशी गेल्या आणि खाली ओरडल्या, "शिंपीदादा! ऐकलासा काय! आमच्या पोरीनं आज मला मागं टाकलं! व्हय, मलाच! चहा सांगा सगळ्यास्नी!" शिंपी बाहेर आला, चहावाला बाहेर आला, तालमीतून दोघं आले. आक्का प्रत्येकाला तेच सांगत होत्या, मायक्रोस्कोपपाशी आणून दाखवत होत्या. बघणाऱ्याला काही कळत नव्हतं, पण सगळे माना डोलवत होते. मी कोपऱ्यात उभी होते.

चहा झाला, लोक गेले. मी आक्कांची वाकडी चिप उचलायला गेले, म्हटलं मी नीट करते. त्यांनी हातावर चापट मारली. "माझं मी करतो."

पुन्हा पुसून त्यांनी नव्यानं दाणे भरले. डोळ्यांना पाणी येत होतं, शर्टाच्या बाहीनं टिपत होत्या. वितळवून झाल्यावर चिप माझ्यापुढे सरकवली. "बघ. पास हाय का?"

मी बघितलं. एका कोपऱ्यात एक दाणा अजून कलला होता. शंभरातल्या नव्वद जणांनी तो तसाच चालवला असता. मी मान वर केली, तर आक्का माझ्याकडे बघत होत्या, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन गिऱ्हाइकाकडे बघायच्या तशा.

"न्हाई, आक्का," मी म्हणाले. "डावा कोपरा."

त्यांनी चिप ओढून घेतली. तिसऱ्यांदा पुसली. खाली शिंप्याचं मशीन थांबलं, त्यानं दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. आक्का दाण्यामागून दाणा ठेवत होत्या. मी माझं काम बाजूला ठेवून नुसती बसून होते. वितळवून, निववून, साफ करून त्यांनी चिप पुन्हा माझ्यापुढे ठेवली.

या वेळी मी फार वेळ घेतला. एकेक रांग बघितली. उलटसुलट फिरवून बघितली. मग म्हणाले, "पास."

"नीट बघितलंस?"

"बघितलं, आक्का. माझ्यापेक्षा चांगली हाय."

त्यांनी भिंग लावून स्वतः एकदा पाहिलं आणि मान हलवली. मग तोंड धुतलं, शर्ट काढून त्याची घडी घातली, पदर नीट केला, आणि दुकानाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"आता कोडोलीला जातो मी," त्या म्हणाल्या. "उद्यापासनं तू. नापास होऊन जायचं न्हवतं मला."